व्यंकटमामांच्या पापण्या

व्यंकटमामा कासारांनी माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही. पुढची चार वर्षं त्यांनी माझे हात धरले, दाबले, वळवले, पण तोंड म्हणाल तर एकदाही नाही. ही तक्रार नाही हो. कासाराचा धंदाच तसा. परक्या बाईचा हात, घरच्यांच्या देखत, ओसरीवर बसून धरायची मुभा गावात एकाच पुरुषाला असते, आणि ती मुभा त्याच्या खाली घातलेल्या नजरेवर चालते. वालूरच्या बायका मामांच्या पाया पडायच्या त्या काही उगाच नाही. बांगड्या भरून झाल्या की दोन्ही हात जोडून कासाराला नमस्कार करायचा, अशी आमच्याकडे रीतच आहे. मामा तो नमस्कारसुद्धा जमिनीकडं बघून घ्यायचे.

मी मूळची पाथरीची. पोलीस ॲक्शन होऊन गेली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी वालूरला नांदायला आले. आमचे हे तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाई म्हणजे काय होती, विचारू नका. तिच्या एका हाकेला बाजूच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. पण त्या बाईची गोष्ट पुढं येणार आहे, आधी मामा.

मामा वाळकुडे, उंच, डोक्याला पटका, खांद्यावर गाठोडं. ओसरीवर आले की आधी फडकं अंथरायचे, त्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा रंगाप्रमाणे मांडायचे, मग मांडी घालून एवढंच म्हणायचे, "द्या हात." एकदा बोटांच्या सांध्यांकडं बघितलं की माप कळलं. सव्वादोनाची म्हणजे सव्वादोनाची, दुसरी घालून बघणं नाही. अंगठ्याचं बूड दाबून, चार बोटं एकत्र मिटवून, पाण्याचा हात लावून बांगडी अशी सरकवायचे की मनगटावर आली तेव्हाच कळायचं. नव्या पोरी घाबरून हात ताठ धरायच्या. त्यांना मामा हळूच सांगायचे, "हात सोड, माय. हात सोडला की बांगडी आपसूक जाते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असंल.

तोंडं बघत नसल्यामुळं मामांना बायका हातांवरून ओळखू यायच्या. रस्त्यात भेटलं आणि "मामा, बरं हाय का?" म्हटलं तर गोंधळायचे. मग हात पुढं केला की चेहरा उजळायचा, "हां, कंपाउंडरीणबाई!" मला त्या नावाचा राग यायचा. विसाव्या वर्षी कुणाला कंपाउंडरीणबाई व्हावंसं वाटतं?

आणि एक खोड. बाईच्या हातातली एखादी बांगडी वाढली, म्हणजे फुटली, पण तसं म्हणायचं नसतं, आणि एक हात उणा राहिला, तर मामांना ते सहन व्हायचं नाही. समोरच्या बाजूनं जाणाऱ्या बाईचा उणा हात त्यांना वीस पावलांवरून दिसायचा. ते थांबायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "एक कमी." मग गाठोडं तिथंच रस्त्यात सोडून, त्याच रंगाची बांगडी शोधून, तिच्या हातात घालूनच पुढं जायचे. ही बांगडी त्यांच्याकडची. "उणा हात घेऊन फिरू नये," एवढंच म्हणायचे. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, व्यंकटला जेवताना ताटात मीठ नसलं तरी कळत न्हाई, पण बांगडी कमी असली की झोप लागत न्हाई.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, ते सांगूनच पुढं जाते. लग्नानंतर वर्ष उलटून गेलं तरी मला माहेरी धाडलं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. त्या घरात बोलायची टाप कुणाची? पंचमीच्या आधी मामा आले. माझा हात धरला, सांधे बघितले, परत बघितले. मग माझ्याशी न बोलता आत्याबाईंना म्हणाले, "आक्का, तुमच्या सुनेचा हात उतरलाय. मागच्या डावाला भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत जायल्यात. चार दिस माहेरी धाडा, न्हाईतर मला लेकराच्या मापाच्या बांगड्या आणाव्या लागतील." आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर डोळ्याला लावला. तिसऱ्या दिवशी मी पाथरीला आईच्या कुशीत होते.

तर असा माणूस. त्याला काचबिंदू झाला.

आधी कुणाला कळलं नाही. मामा दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. स्वतःच मांडलेल्या माळेवर पाय देऊन बांगड्यांचा चुरा केला, तोही एकदा नाही, तीनदा. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका संध्याकाळी आमच्या ह्यांना म्हणाले, कंदिलाभोवती रंगीत कडी दिसायलीत, सप्तरंगी, लय देखणी. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी लिहून त्यांना सेलूहून रेल्वेनं हैदराबादला, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

परत आले ते तपकिरी शिश्या घेऊन. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. पण सकाळ-संध्याकाळ थेंब घातले, जन्मभर घातले, तर आहे ती टिकेल. एक दिवस चुकवायचं नाही. शिश्या पुढं टपालानं आमच्या दवाखान्यात येतील. मामा आमच्या ओसरीवर बसून हसत म्हणाले, "जन्मभर काच विकली, आता काचच डोळ्यात येऊन बसली." त्यांना काही फार वाईट वाटलं नव्हतं. शिशी होती, उपाय होता, मग काळजी कसली?

पण थेंबांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, थेंब घातले की दहा मिनिटांत पापण्या लवायला लागायच्या. लवणं म्हणजे आपला कधीमधी डोळा लवतो तसं नाही. फडफड, फडफड, थांबून परत फडफड, चांगली अर्धा तास. दुसरं म्हणजे, पापण्यांच्या कडा लाल झाल्या, सुजल्या, खाजायच्या, सकाळी चिकटून बसायच्या. ह्यांना पुस्तकात बघून माहीत होतं की ह्या औषधानं पापणी फडफडते, त्यात भ्यायचं नाही. सूज का येते ते मात्र त्यांना उमगेना. मामा म्हणाले, चालायचंच.

चाललं दोन महिने. मग माणिकबाईच्या लेकीचं लग्न निघालं.

माणिकबाई म्हणजे गावातली तालेवार शेतकऱ्याची बायको. घरात गडी, बैल, धान्याच्या कणग्या. स्वभावानं वाईट नव्हती, पण इज्जतीचा बाऊ फार. नवरीचा हिरवा चुडा भरायला अर्थातच मामा. सकाळी थेंब घातले आणि तसेच निघून आले, तीच चूक झाली. माजघरात बायकांची ही गर्दी, मी आणि आत्याबाईही होतो. ह्या औषधानं डोळ्याची बाहुली बारीक होते, उजेड कमी पडतो, त्यामुळं मामांना माजघरात हिरव्याचा रंग नीट दिसेना. त्यांनी बांगडी उचलली, उजेडासाठी मान वर केली आणि दाराकडं धरली. जन्मात कधी मान वर न करणारा माणूस. दारात माणिकबाई उभी. आणि नेमका त्याच वेळी मामांचा उजवा डोळा दोनदा, तीनदा मिटला.

एक पोरगी फिस्सकन हसली. माणिकबाईनं पुढं येऊन लेकीचा हात मामांच्या हातातून ओढून घेतला आणि एवढंच म्हणाली, "उठा."

मामांना काय झालं ते लगेच कळलंच नाही. त्यांच्या बोटांत बांगडी तशीच. मग कळलं. एका हाताचा चुडा भरून झाला होता, दुसरा हात रिकामा. त्यांनी माळा गोळा केल्या आणि जाताना चौकटीला खांदा आपटला. उरलेला चुडा भरायला सेलूहून दुसरा कासार बोलावला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, कासार म्हातारपणी डोळे मारायलाय म्हणून.

मला त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं ना औषधाचं. पण विशीतली सून भरल्या माजघरात काय बोलणार? मामा औषध घालतात एवढं आत्याबाईंना ठाऊक होतं, त्यानं पापणी फडफडते हे ठाऊक नव्हतं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मामांकडं गेले. मामा हात जोडून म्हणाले, कुणाला काही सांगू नका, विषय वाढवू नका, मी बघून घेतो. ह्यांनी ऐकलं. पुरुषांना असल्या गोष्टींत गप्प बसणं फार सोपं जातं.

त्यानंतर मामा बरे दिसायला लागले. पापण्यांची सूज उतरली, फडफड थांबली. बायका म्हणाल्या, धडा मिळाला म्हाताऱ्याला. दवाखान्यात टपालानं आलेल्या शिश्या मात्र फळीवर तशाच पडून. ह्यांनी विचारलं तर मामा म्हणायचे, घरी शिल्लक हाय. असे चार महिने गेले.

दसऱ्याच्या आधी मामा आमच्याकडे आले. फडकं अंथरलं, माळा मांडल्या. आत्याबाई त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या आणि हात पुढं केला. मामा समोर बघत बसून राहिले. म्हणाले, "आक्का, द्या हात."

हात तर दिलेला होता. त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

आत्याबाईंनी तो हात हळूहळू पुढं सरकवत नेला. बराच पुढं आला तेव्हा मामांनी चटकन धरला. आत्याबाईंनी काढून घेतला, परत कडेला नेला. परत मामा वाट बघत बसले. मी खांबाला टेकून हे सगळं बघत होते.

"व्यंकट, औषध घालतोस का?"

मामा म्हणाले, "न्हाई."

"कवापासनं?"

"माणिकबाईच्या लेकीच्या चुड्यापासनं." आणि मग, माळेकडं बघत, हळू आवाजात सांगितलं की थेंबांनी पापणी लवते, तिला आवरता येत नाही, आणि मी डोळा मारला न्हाई असं दारोदार जाऊन सांगावं तर ते सांगणंच घाण. "आक्का, डोळे गेले तर बोटांनी भरीन. पण नाव गेलं तर कुणाचा हात धरू?"

आत्याबाई आधी हसल्या. हसल्या म्हणजे डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, ही बाई आहे का कोण आहे. मग त्याच पाण्यानं त्या रडायला लागल्या, आणि मग त्यांना राग आला, तो राग मात्र बघण्यासारखा होता. चार महिने आंधळा होत बसलास, आणि मला सांगितलं न्हाईस? चाळीस वर्षं माझा हात धरतोस, मी कोण हाय तुझी? मग राग माझ्याकडं वळला, तू मिठाची गुळणी धरून बसली होतीस का म्हणून, आणि मग ह्यांच्याकडं. मला म्हणाल्या, जा, त्याला बोलावून आण, शिशी घेऊन ये म्हणावं, अन् येताना व्यंकटच्या सुनेला, गोदाला, पण आण. थेंब घरात तीच घालायची.

हे आले. म्हणाले, आधी कसं घालत होता ते दाखवा. गोदा पदर सावरून पुढं आली, शिशी धरली. मामांनी काय केलं? मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटले. गोदानं अंदाजानं थेंब टाकला. तो मिटलेल्या पापणीवर पडला आणि गालावरून ओघळला.

ह्यांनी कपाळाला हात लावला. दोन महिने औषध डोळ्यात थोडंफार गेलं असेल नसेल, पापण्यांना मात्र रोज पाजलं होतं. कातडीवर ते तसंच वाळायचं, म्हणून ती सूज, म्हणून ती खाज. हैदराबादच्या डॉक्टरनं नीट सांगितलं होतं, वर बघायचं, खालची पापणी ओढायची, थेंब आत टाकायचा, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा आणि बाहेर आलेलं पुसून घ्यायचं. मामांना सगळं तोंडपाठ होतं. पण वर बघायचं म्हणजे कुणाकडं? थेंब घालणारी सून वर वाकलेली. सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडं डोळे उघडे ठेवून बघायचं? जे त्यांनी जगातल्या कुठल्याच बाईच्या बाबतीत केलं नव्हतं, ते घरच्या सुनेच्या बाबतीत करायचं? आणि शिशी डोळ्यावर आली की पापणी आपोआप मिटायची, त्यामुळं स्वतःचं स्वतः जमेना. असली चूक आमचीच माणसं करू जाणोत.

आत्याबाईंनी गोदाच्या हातातून शिशी घेतली. "माझ्याकडं बघ. मी तुझ्याहून मोठी हाय, अन् बघण्यासारखं काई उरलं न्हाई."

मामांनी मान वर केली, पण पापण्या परत घट्ट. दोनदा झालं, तीनदा झालं. आत्याबाईंनी शिशी खाली ठेवली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ज्या आवाजात मी त्या बाईला कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाल्या, "डोळा सोड, व्यंकट. डोळा सोडला की थेंब आपसूक जातो."

मामांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. डोळे उघडले. थेंब बरोबर आत पडला, मग दुसऱ्या डोळ्यात. ते तसेच वर बघत राहिले. आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या भुवईवर तीळ हाय व्हय?"

"चाळीस वर्षांपासनं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

एवढ्यावर ती बाई थांबणारी नव्हती. पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा आपल्या नेहमीच्या जागी, चावडीच्या ओट्याला बसले होते, तिथं आत्याबाई गेल्या, मला मागं घेऊन. भर बाजारात, पाच-पंचवीस बायकांच्या घोळक्यात, शिशी काढली आणि मामांना म्हणाल्या, वर बघ. थेंब घातले, कापसानं पापण्या पुसल्या. मग माणिकबाईच्या घरी निरोप धाडला, म्हणावं गंमत दाखवते, लगोलग ये. माणिकबाई आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

आता सगळ्या बायका मामांच्या डोळ्यांकडं टक लावून. मामा बिचारे घामाघूम. थोड्या वेळानं उजवी पापणी लवली. मग डावी. मग दोन्ही. आत्याबाईंनी सांगितलं, हे औषधाचं काम हाय, डोळे राखायचं औषध हाय, माझ्या लेकाच्या दवाखान्यातून येतंय, अन् पापणी लवायला लागली म्हंजे औषध पोचलं असं समजायचं. कुणाला शक असंल तर अर्धा तास हितं उभं राहून बघा. बायका खरंच उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांच्यात वाद पेटला. पुरुषाचा उजवा डोळा लवणं चांगलं, डावा वाईट, मग दोन्ही लवले तर काय? एक म्हातारी म्हणाली, फिटंफाट. त्यावर मामासुद्धा हसले.

मग आत्याबाई त्यांच्यासमोर बसल्या, पापण्या फडफडत असतानाच, आणि हात पुढं केला. "भर."

मामांनी भरल्या. आत्याबाईंनी हात जोडून, सगळ्यांच्या देखत, आपल्याहून लहान माणसाला वाकून नमस्कार केला. त्या उठल्या तशी ती जागा रिकामी झाली. रिकामीच राहिली थोडा वेळ. मला वाटलं, आता कुणी येत नाही. मग माणिकबाई पुढं झाली. बसली. तिनं हात पुढं केला तर तो ताठ, लाकूड झालेला.

"हात सोडा, माय," मामा म्हणाले.

तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. हात सुटला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर वालूरला आणि भोवतालच्या खेड्यांत एक नवीच रीत पडली. मामा सकाळी ज्या घरी पहिल्यांदा जातील त्या घरच्या बाईनं आधी त्यांना थेंब घालायचे, मग बांगड्या भरून घ्यायच्या. संध्याकाळचे शेवटच्या घरी, आणि ज्या दिवशी फेरी नसेल त्या दिवशी गोदानं, मामा आता तिच्यासमोरही मान वर करायचे. आत्याबाईंनी दटावून सगळ्यांना शिकवलं होतं, हात धुऊन घ्या, शिशीचं तोंड डोळ्याला लावू नका, पुसायला उकळलेल्या पाण्यातला कापूस. एक दिवस चुकला नाही. चुकणार कसा, थेंब घालायला बायकांची चढाओढ. पापण्यांची सूज पुन्हा आली नाही. फडफड राहिली, ती त्या औषधाचीच, पण आता पापणी लवली नाही तर बायका म्हणायच्या, "मामा, नीट गेलं न्हाई वाटतं, परत घालू का?"

आणि थेंबासाठी वर बघावंच लागायचं, त्यामुळं मामांना पन्नाशी उलटल्यावर गावातल्या बायकांची तोंडं कळायला लागली. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "तुमी इतक्या लहान हाव व्हय? हातावरून मोठ्या वाटत होताव." मला इतका आनंद झाला की मी एक थेंब गालावर पाडला.

थेंब घालून झाले की बाई आपला हात त्यांच्या कडेला, आवाज न करता, स्थिर धरायची आणि विचारायची, "किती?" कुठून कळतंय, किती लांबचं दिसतंय, ते बघायची ही आमच्या ह्यांची युक्ती. डाव्या बाजूचं त्या चार महिन्यांत गेलं ते गेलंच. ते मला अजून डाचतं, आणि डाचावंच. पण उजवीकडं मामा सांगायचे, "नऊ, एक पिवळी." मामांना कडेचं कुठवर दिसतं त्याच्या खुणा ह्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर कोळशानं केल्या होत्या. वर्षं गेली, खूण सरकली नाही.

एकदा तर मामांनी ह्यांनाच धडा दिला. टपालानं आलेली नवी शिशी ह्यांनी हातात दिली. मामांनी चमच्यात एक थेंब काढला, दाराच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हे नको. गुलाबी हाय." ह्यांना काही गुलाबी दिसेना. मला दिसेना. आत्याबाईंना तर चमचाच दिसेना. मामा म्हणाले, बांगडीच्या रंगात धरत न्हाईत इतकं कमी, पण हाय. हे चिडले, कंपाउंडरला कासार शिकवणार का म्हणून. तरी हैदराबादला पत्र टाकलं. उत्तर आलं की हे औषध जुनं झालं की लालसर होतं, त्यानं डोळे जास्त चुरचुरतात, ओतून टाका, दुसरी शिशी धाडतोय. त्यानंतर दवाखान्यातली प्रत्येक शिशी मामांच्या नजरेखालून जायची, आणि हे शेजारी मुकाट उभे असायचे.

ह्यांची बदली पूर्णेला झाली तेव्हा माझ्या पदरात दोन लेकरं होती. आत्याबाई येणार नाही म्हणाल्या, व्यंकटच्या औषधाचं कोण बघणार? दीर होते घरात, म्हणून मीही आग्रह केला नाही. निघायच्या सकाळी मामा आले. मी थेंब घातले, कापसानं पुसलं. सामान बांधायचं, पोरांना जेवायला घालायचं, ट्रंकेचं झाकण लागेना, मोटार गाठायची. त्या गडबडीत बांगड्याही भरून घ्यायच्या राहिल्या, हातात मागच्या डावाला मामांनीच भरलेल्या सात-सात.

सेलूची मोटार चावडीवरून जायची. मी खिडकीत बसले होते. ओट्यावर मामा बसलेले, समोर एक नवी नवरी, तिचा हात त्यांच्या हातात. मोटारीकडं त्यांची उजवी बाजू. ते नवरीच्या हाताकडंच बघत होते. मी हाक मारली, पण त्या इंजिनाच्या घरघरीत काय ऐकू जाणार? मग मला आठवलं. मी डावा हात खिडकीबाहेर काढला, लांब, आणि स्थिर धरला.

मामांनी मान वळवली नाही. बांगडी भरायचं थांबवलं नाही. फक्त एक हात मोकळा केला आणि एक बोट वर केलं.

मोटार वळली. मी हात आत घेतला आणि मोजलं, परत मोजलं. उजव्या हातात सात, डाव्या हातात सहा. ट्रंक ओढताना कधी वाढली, मला कळलंसुद्धा नव्हतं.